न्यूझीलंडमध्ये जेट बोटिंगचा राष्ट्रीय क्लब आहे का, आणि रेस पण तोच भरवतो का?

हो आहे, जेट बोटिंग न्यूझीलंड नावाचा, पण तो हौशी लोकांचा आहे, नदीतल्या रेससाठी वेगळी असोसिएशन आहे. आधी या हौशी क्लबचंच नाव न्यूझीलंड जेट बोट असोसिएशन होतं. बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात आयरिशमन क्रीकच्या आपल्या शेतावर जेट बोट बनवली, तिला खाली पंखा लोंबत नाही, पाणी आत ओढून मागे जोरात फेकते, त्यामुळे तिकडच्या उथळ नद्यांत चालते (१९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगेत आले होते). क्लबच्या भागाभागात शाखा आहेत, त्या ट्रिपा काढतात, आणि वर राष्ट्रीय पातळीवर सुरक्षा आणि नदीत जायचा हक्क बघतात. नदीत जायच्या हक्काचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे काठापासून २०० मीटरच्या आत ५ नॉटची वेगमर्यादा आहे म्हणजे ताशी साधारण ९ किमी, आणि अरुंद नदी तर सगळीच त्यात येते, सूट मिळाली नाही तर बोटिंगच बंद. फक्त क्वीन्सटाउन या तिथल्या पर्यटनाच्या गावात पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी यात धरू नका, तो धंदा आहे, त्याचे सरकारी नियम वेगळे.