दुबईतला कॅमेरा साठ हजारांनी स्वस्त: घ्यावा का?

नाशिकहून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतात आणि त्यांना फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी व २४–७० मिमी लेन्स असा संच घ्यायचा आहे. इथल्या दुकानदाराने पक्क्या बिलासह ३,५४,००० रुपये सांगितले. दुबईत नोकरीला असलेल्या मावसभावाने तोच संच १२,००० दिरहॅमला, म्हणजे सुमारे २,९४,००० रुपयांना पाहून ठेवला आहे. भाऊ जानेवारीत घरी येणार असून ‘बॉक्स तिकडेच टाकतो, कॅमेरा गळ्यात अडकवून आणतो’ असे त्याचे म्हणणे आहे. एप्रिलमध्ये पिकणारी मुदत ठेव मोडून त्याला पैसे द्यावेत का, आणि थायलंडमध्ये बनलेली एकच वस्तू आपल्याकडे एवढी महाग का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पुढील उत्तर डिसेंबर २०२५ मधील नियमांनुसार आहे.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. आपल्याला सांगितलेल्या ३,५४,००० रुपयांत ५४,००० रुपये १८ टक्के दराने आकारलेला जीएसटी आहे. मूळ किंमत ३,००,००० रुपये. दुबईच्या किमतीत ५ टक्के व्हॅट धरलेला आहे. तो वजा केला की २,८०,००० उरतात. म्हणजे साठ हजारांच्या फरकातील चाळीस हजार हा दोन सरकारांच्या करांमधला फरक आहे, आणि वस्तूच्या किमतीतला खरा फरक वीस हजारांचा. परदेशातील भाव पाहताना ही फोड नेहमी करावी. जर्मनीत १९ टक्के, ब्रिटनमध्ये २० टक्के, हंगेरीत २७ टक्के, जपानमध्ये १० टक्के कर त्या त्या किमतीत मिसळलेला असतो. हाँगकाँगमध्ये असा कर मुळी नाहीच. आणि अमेरिकेतील दुकाने दाखवतात ती किंमत विक्रीकराशिवायची असते, म्हणून ती आहे त्याहून अधिक स्वस्त भासते.

उरलेल्या वीस हजारांमागे चलनाचा भाव, विक्रीचे प्रमाण, आयातदाराचा व सर्व्हिस सेंटरचा खर्च आणि कोणत्या बाजारात ग्राहक किती मोजेल याचा कंपनीने बांधलेला अंदाज, हे सारे असते. हा अंदाज नवा नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील कॅमेऱ्याच्या फिल्म-रोलच्या बाजाराचा सुमारे ७० टक्के हिस्सा कोडॅककडे, तर जपानमधील जवळपास तेवढाच हिस्सा फुजीकडे होता. जपानमधील वितरणव्यवस्था आपल्याला बंद असल्याने फुजी घरी चढे भाव ठेवते आणि त्या नफ्यावर बाहेर स्वस्तात विकते, अशी तक्रार कोडॅकने १९९५ मध्ये केली. अमेरिकेच्या सरकारने हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत नेले आणि ते १९९८ मध्ये अमेरिकेच्या विरोधात निकाली निघाले. सीमाशुल्काचे नियम तर यंत्राच्या घडणीतही शिरतात. पूर्वीचे अनेक कॅमेरे चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांना आपोआप थांबवत, हा अनुभव सप्तपदीच्या ऐन वेळी आपणही घेतला असेल. युरोपात सलग ३० मिनिटे चित्रीकरण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्यात मोजले जाई आणि त्यावर जास्त शुल्क बसे. भारतातही डिजिटल कॅमेऱ्यांच्या शुल्कमाफीला ३० मिनिटांची अशीच अट होती आणि तिच्यावरून उद्भवलेला कॅननचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

आता भावाच्या बॅगेकडे वळू. २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे त्याला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येतात आणि त्यावरील मूल्यावर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क लागते. २,९४,००० मधून ५०,००० वजा केल्यास २,४४,००० उरतात. त्यावरील शुल्क ९३,९४० रुपये. संच आपल्याला ३,८७,९४० रुपयांना पडेल, म्हणजे नाशिकपेक्षा ३३,९४० रुपयांनी महाग. सोबत वहिनी येत असल्या, तरी दोघांच्या सवलती एकत्र जोडता येत नाहीत. परदेशातून परतणाऱ्याला व्यवसायाच्या उपकरणांसाठी निराळी सवलत असते असे आपण लिहिले आहे. ती सुतार, प्लंबर, गवंडी यांच्या अवजारांसाठी असून कॅमेरा तिच्यातून नाव घेऊन वगळलेला आहे. साठ हजारांची बचत फक्त विमानतळावरील ग्रीन चॅनेलमधून (शुल्क लागणारे काही सोबत नसणाऱ्यांच्या वाटेने) न सांगता बाहेर पडल्यासच हाती लागते, आणि तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. माल जप्त होणे, तो सोडवण्याचा दंड आणि वर शास्ती, हे सारे ज्याच्या गळ्यात कॅमेरा असेल त्याच्या, म्हणजे आपल्या भावाच्या नावावर लागते.

माझ्या मते आपल्या निर्णयाचा कणा वेगळाच आहे. आपण दिलेल्या आकड्यांनुसार एप्रिल ते नोव्हेंबरची उलाढाल १६,८०,००० रुपये आहे आणि फेब्रुवारी-मार्चची ठरलेली कामे ५,२०,००० रुपयांची आहेत. बेरीज २२ लाखांवर जाते. सेवा देणाऱ्यास वर्षाला २० लाखांपुढे जीएसटी नोंदणी बंधनकारक असल्याने मार्चपर्यंत ती आपल्याला करावीच लागेल. नोंदणीनंतर स्वतःच्या जीएसटी क्रमांकाच्या बिलावर कॅमेरा घेतलात, तर त्यातील ५४,००० रुपये इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळतात आणि छायाचित्रणाच्या बिलांवर आकारलेल्या १८ टक्के करातून वळते करता येतात. पहिल्या तीन लाखांच्या बिलांतच ते वसूल होतात. (अट एवढीच, की सेवांसाठीची कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर सरसकट ६ टक्के कर भरण्याची सोय, घेऊ नये, तिच्यात क्रेडिट नाही.) आपल्याला कॅमेरा मग ३,००,००० रुपयांनाच पडतो. बॅगेवर भरलेल्या शुल्काचे असे क्रेडिट मिळत नाही.

इथे क्रम चुकवू नका. नव्याने नोंदणी करणाऱ्याला हाती शिल्लक असलेल्या कच्च्या मालावरील कराचे क्रेडिट मिळू शकते, पण आधीच घेतलेल्या यंत्रसामग्रीवरील कराचे मिळत नाही. जानेवारीत कॅमेरा आणि मार्चमध्ये नोंदणी असे केल्यास ५४,००० रुपये बुडाले म्हणून समजा. मग जानेवारीतच स्वेच्छेने नोंदणी का करू नये? कारण २० लाखांपर्यंतची उरलेली ३,२०,००० रुपयांची कामेही त्यामुळे करपात्र होतील. त्यांचे दर आपण आधीच ठरवून दिलेले आहेत आणि वधूपिता ऐन वेळी वर १८ टक्के देईल असे मला वाटत नाही. कर त्याच रकमेतून भरायचा झाल्यास सुमारे ४८,८०० रुपये आपल्या खिशातून जातील. एका हाताने ५४,००० मिळवून दुसऱ्याने जवळपास तेवढेच द्यायचे, यात हशील नाही.

म्हणून जानेवारीत खरेदीच करू नका. फेब्रुवारी-मार्चमधील ज्या आठ दिवसांना जुना कॅमेरा पुरणार नाही असे आपण म्हणता, त्या दिवसांसाठी आपणच कळवलेल्या ३,५०० रुपये रोजाने संच भाड्याने घ्या. त्याचे २८,००० रुपये होतात. तरीही लवकर नोंदणी करण्याच्या तुलनेत सुमारे २०,८०० रुपये वाचतात. उलाढाल २० लाखांपुढे गेली की ३० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज करा आणि एप्रिल-मेच्या तारखांचे दर आजपासूनच ‘जीएसटी वेगळा’ असे लेखी द्या. कॅमेरा एप्रिलमध्ये घ्या. तोवर ठेव पिकलेली असेल, ती मुदतीआधी मोडून व्याज गमावण्याची वेळ येणार नाही, आणि हिशेबाची वही ठेवत असाल तर १५ टक्के घसाराही (वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) पूर्ण वर्षाचा मिळेल. मार्चमध्ये घेतल्यास तो पहिल्या वर्षी निम्माच धरतात. क्रेडिट घेतलेल्या ५४,००० वर मात्र घसारा लावता येत नाही, हे आपल्या सीएंना माहीत असेलच.

भावाचे पैसे इथे मावशींच्या खात्यात रुपयांत भरण्याचा जो बेत आपण कळवला आहे, तोही सोडून द्या. अनिवासी व्यक्तीचे देणे असे परस्पर फेडणे परकीय चलन कायद्याच्या कचाट्यात येते. शिवाय कॅमेऱ्यांची वॉरंटी बहुधा विक्रीच्या देशापुरती असते. शटर हंगामात अडकले, तर इथले सर्व्हिस सेंटर आधी भारतातील बिल मागेल.

मावसभावाकडून काही मागवायचेच असेल, तर ५०,००० रुपयांच्या मर्यादेत बसणारी एखादी ५० मिमी लेन्स घरच्या वापरासाठी मागवा, आणि दुबईत राहणाऱ्यांना पर्यटकांचा व्हॅट परतावा मिळत नसल्याने किंमत व्हॅटसह धरा. बॉक्स फेकायला सांगू नका. बिल त्यातच ठेवून आणायला सांगा.