दोघांनाही स्टेंट टाकलाय, मग एकाला सहा महिने आणि दुसऱ्याला वर्षभर गोळ्या, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांना हार्ट अटॅक आला म्हणून स्टेंट टाकला आणि ॲस्पिरिन अधिक टिकाग्रेलर वर्षभर घ्यायला सांगितलं, काकांना मात्र स्टेंट टाकूनही ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, तेही सहाच महिने, मग नक्की कोणाचे डॉक्टर चुकतायत आणि वडिलांची गोळी बदलून घ्यावी का. तुम्ही सांगितलंय त्यावरून कोणीच चुकत नाहीये. मी हार्टच्या वॉर्डात काम करणारी डॉक्टर आहे आणि डिस्चार्जच्या दिवशी हा प्रश्न आला नाही असं फार क्वचित होतं.

स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तनळीत बसवलेली धातूची बारीक जाळी, हल्ली बहुतेक औषधाचा लेप असलेली. रक्तातल्या प्लेटलेट्सना ती परकी वाटते, त्या तिच्यावर चिकटायला बघतात आणि गुठळी झाली की नळी एकदम बंद, म्हणजे पुन्हा मोठा अटॅक. हळूहळू नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी जाळीवर पसरतात, जाळी झाकली जाते आणि धोका उतरत जातो. सगळ्यात नाजूक काळ पहिला महिना. म्हणून दोन गोळ्या, ज्या प्लेटलेट्सना दोन वेगळ्या वाटांनी अडवतात. पण गोची अशी की याच गोळ्या पोटात किंवा मेंदूतही रक्तस्राव करू शकतात, आणि जितके दिवस दोन्ही चालू तितका तो धोका साठत जातो. मग विचार करायचा तो समोरच्या माणसाला गुठळीची भीती जास्त की रक्तस्रावाची याचा, नुसत्या स्टेंटचा नाही.

काकांना बहुतेक चालताना छातीत भरून यायचं, अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसलं आणि स्टेंट टाकला, अटॅक नव्हता. अशा पेशंटला साधारण ६ महिने. अटॅक आलेल्या माणसाच्या नळीतला चरबीचा थर फुटलेला असतो, प्लेटलेट्स खवळलेल्या असतात, बाकीच्या नळ्यांतही असे कच्चे थर असू शकतात, म्हणून १२ महिने. हे झाले सुरुवातीचे आकडे, इथून पुढे माणूस बघून कमीजास्त करायचं.

कमी कोणाचं करतात? हिमोग्लोबिन ११ च्या खाली, किडनी बरीच खराब, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, आधी मेंदूत रक्तस्राव झालेला, हल्लीच अल्सरमधून रक्त गेलेलं, कॅन्सर चालू, लिव्हर आकसलेलं, यातलं एक जरी असलं तरी पेशंट जास्त रक्तस्रावाच्या गटात जातो. वय ७५ किंवा पुढे असणं हे एकटं तेवढं वजनदार धरत नाहीत, पण जोडीला अजून एखादी छोटी गोष्ट असली की धरतात. अशांना १ ते ३ महिन्यांतच एका गोळीवर आणता येतं. २०२१ साली मास्टर डॅप्ट नावाची ट्रायल आली, तिच्यात अशाच पेशंटना महिन्याभरात एका गोळीवर आणलं तर रक्तस्राव कमी झाला आणि अटॅक वगैरे वाढले नाहीत, अर्थात पहिला महिना काही गडबड न होता गेलेले लोकच तिच्यात घेतले होते.

आणि वाढवतात कोणाचं, तर डायबेटिस आहे, डाव्या मुख्य नळीत स्टेंट आहे, जिथे नळीला फाटा फुटतो तिथे दोन स्टेंट बसवलेत, किंवा सगळ्या स्टेंटची मिळून लांबी ६० मिलिमीटरच्या वर गेलीय. खरी डोकेदुखी म्हणजे बऱ्याचदा दोन्ही याद्या एकाच माणसात सापडतात, वय झालेलं, डायबेटिस, त्यातून किडनी अर्धी गेलेली. तिथे मी तरी रक्तस्रावाकडे जास्त लक्ष देते, कारण एकदा मोठा रक्तस्राव झाला की सगळ्या गोळ्या एकदम बंद कराव्या लागतात आणि मग स्टेंट उघडाच पडतो.

आता गोळी वेगळी का. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, लिव्हरमधलं एक एन्झाइम तिला कामाचं रूप देतं, आणि ते एन्झाइम काही लोकांत जन्मतःच कमजोर असतं, युरोपियन लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त प्रमाणात. त्यांना गोळी चालू असूनही पूर्ण संरक्षण मिळत नाही. (ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर तेही याच एन्झाइमच्या आड येतं, तिथे पॅन्टोप्राझोल बरं.) जीनची टेस्ट आहे, सरसकट सगळ्यांची करत नाहीत. टिकाग्रेलरला लिव्हरची वाट बघावी लागत नाही, परिणाम जोरदार आणि लवकर, म्हणून अटॅकनंतर तिला पसंती, पण रक्तस्रावही थोडा जास्त. प्रासुग्रेलही जोरदार, फक्त पूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल तर ती द्यायचीच नाही.

टिकाग्रेलरबद्दल दोन गोष्टी वडिलांना नीट सांगा. एक, काहींना हिने दम लागल्यासारखं होतं, बसल्याबसल्या मोठा श्वास घ्यावासा वाटतो आणि घरचे घाबरतात की पुन्हा हार्टचं काही झालं. डॉक्टरांना कळवायचंच, कारण खरंच हार्टचं नाहीये ना हे बघावं लागतं, पण गोळीचा असेल तर तो बहुतेकदा सौम्य असतो आणि फारच त्रास झाला तर गोळी बदलता येते. दुसरं, ही दिवसातून दोनदा घ्यायचीच. ओपीडीत एक काका आले होते, पाकीट काढून दाखवलं तर पंधरा दिवसांत संपायला हवं ते अर्धं शिल्लक, म्हणे सकाळची घेतो, संध्याकाळची राहू देतो, एवढं रक्त पातळ कशाला करायचं. हिची पकड सुटणारी असते हो, संध्याकाळची चुकवली की रात्री उशिरा आणि पहाटे असर बराच उतरलेला असतो.

आणखी एक, पुढे कधी डॉक्टरांनी ॲस्पिरिन बंद करून दुसरीच गोळी एकटी चालू ठेवली तर दचकू नका. २०१९ च्या ट्वायलाइट ट्रायलमध्ये ३ महिने दोन्ही घेऊन मग ॲस्पिरिन सोडून एकटं टिकाग्रेलर ठेवलं, तर रक्तस्राव कमी झाला आणि गुठळीचा धोका वाढला नाही. ज्यांना हृदयाची लय बिघडल्यामुळे ॲपिक्साबॅनसारखी रक्त पातळ करणारी वेगळी गोळी चालू आहे त्यांचंही ॲस्पिरिन बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच काढतात, तीन गोळ्या एकत्र फार रक्तस्राव करतात.

दात घासताना हिरडीतून जरा रक्त आलं, दंडावर निळा डाग उठला, तर कळवा पण गोळी थांबवू नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा अचानक खूप डोकं दुखायला लागलं तर थेट इमर्जन्सी. दात काढायचा असो की मोतीबिंदू, गोळी थांबवायची का हे हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका, आणि गुडघेदुखीला मनाने आयब्युप्रोफेन अजिबात नको.

वडिलांची गोळी काकांची बघून बदलू नका. पुढच्या व्हिजिटला त्यांचा ताजा हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनचा (किडनीची टेस्ट) रिपोर्ट न्या आणि दोनच गोष्टी विचारा, दोन्हीपैकी आधी कोणती बंद होणार आणि कोणत्या तारखेला. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, नाहीतर दोन-दोन वर्षं दोन्ही गोळ्या चालूच राहिलेले पेशंट आमच्याकडे येतात आणि का चालू आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.