बांधावर राबणाऱ्याचा शब्द

प्रिय बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मी कुठल्याच करारावर सही केली नाही, मग या सरकारचं का ऐकू?’ असं तू रागाच्या भरात लिहिलंस, पण प्रश्न खरा आहे. ‘कायदा आहे म्हणून’ एवढ्यावर मी तुझी बोळवण करणार नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं होतं की राज्यातल्या रस्त्यावरून नुसतं चाललं तरी माणसाची मूक संमती धरावी. १७४८ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने त्यावर विचारलं: झोपेत उचलून जहाजावर घातलेला माणूस समुद्रात उडी टाकत नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाची सत्ता मानली म्हणायचं का? गोवेकराला हे लगेच कळावं. १९ डिसेंबर १९६१ ला माझे वडील पोर्तुगीज अमलात उठले आणि भारतात झोपले. आनंदाने झोपले, पण त्यांना विचारलं कुणीच नव्हतं.

वडिलांचंच सांगतो. पोर्तुगीज काळात ते बंदी असलेली पत्रकं तांदळाच्या पोत्यातून पोचवत. तेव्हा सभेला परवानगी लागे, छापायचा मजकूर आधी तपासला जाई. हा कायदा चुकीचा आहे, एवढं म्हणायलासुद्धा कायदा मोडावा लागे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांनी तेच केलं. आणि हेच आमचे वडील १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात हरले. आमच्या घराने फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने मत दिलं होतं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूला, १,७२,१९१. निकालानंतर वडील दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून घरपट्टी भरून आले. मी अकरा वर्षांचा होतो, मला वाटलं ते घाबरले. आज तसं वाटत नाही. हरल्यावरही सभा, वर्तमानपत्र, पुढची निवडणूक त्यांच्यासाठी उघडी होती.

तू खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या गावची. एकाने बांधाचं काम टाळलं आणि भगदाड पडलं, तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं आणि पुढचे पावसाळे मीठ धुण्यात जातात. कर भरणं मला याच जातीचं वाटतं. ते देणं सरकारचं कमी, शेजाऱ्याचं जास्त.

पण इथेच थांबलीस तर फसशील. गावकारीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या जुन्या संस्थेत, शब्द चालायचा तो मूळ गावकारांच्या वंशातल्या पुरुषांचा. माझी आजी मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाची बायको. कमरेएवढ्या चिखलात उभी राहून तिने बांध घातला, आणि मानशीचं, म्हणजे बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार कधी उघडायचं हे तिला कुणी कधी विचारलं नाही. ती राबली पोटासाठी आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या धाकाने. त्याला मी कर्तव्य म्हणणार नाही, कुणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही. ज्याच्या शब्दाला जागा आहे त्यालाच आज्ञापालन मागता येतं.

आता तुझ्या गावातल्या डोंगरकापणीचं, जी थांबवायला तू रस्ता अडवायला निघाली आहेस. रस्ता अडवायच्या आधी ग्रामसभेत ठराव मांड, लेखी हरकत घे, कोर्टाची वाट धरून बघ. ती वाट वाया जात नाही: २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारने केलेलं ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. तुझा ठराव नोंदवूनच घेतला नाही, सगळी दारं लावून घेतली, तर जरूर अडव. मात्र दिवसाउजेडी, तोंड न झाकता. पोलिसांना नाव सांग, अटक झाली तर हो. रात्री यंत्र लावून डोंगर कापणाराही कायदाच मोडतो, पण तो लपतो. गावाने तुम्हा दोघांत फरक करायचा तो यावरूनच.

रविवारच्या ग्रामसभेचा अर्ज शुक्रवारपर्यंत मला दाखव. सर्व्हे नंबर नीट लिही, आणि पंचायतीतून पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

तुझा,
वकीलकाका