गेमिंग पीसीला 16 जीबीची एकच रॅम लावू की 8-8 च्या दोन?

8-8 च्या दोनच घ्या, कारण दोन स्टिक लावल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी डेटा जाणं, चालू होतं, डीडीआर4 प्रकारच्या 3200 वेगाच्या रॅमला एका स्टिकवर सेकंदाला 25.6 जीबी डेटा जातो तर दोनवर 51.2, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये फरक लगेच जाणवतो कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. चार स्लॉट असतील तर शेजारी शेजारी खोचू नका, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा घ्यायचा, मॅन्युअलमध्ये ए2 बी2 लिहिलेलं असतं. मी जोडलेल्या मशीनवर अनुभव असा की बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग, ऑन करायचं राहिलं तर 3200 ची रॅम 2133 वरच चालत बसते, टास्क मॅनेजरमध्ये स्पीड नक्की बघा. फक्त बोर्डाला दोनच स्लॉट असतील आणि लवकरच 32 करायचं पक्कं असेल तर आत्ता 16 ची एक चालेल.