अमेरिकेत पोस्टडॉक म्हणून रुजू होताना : विमा, करकपात, रजा आणि मदतीची दारं

प्रश्न थोडक्यात असा आहे : अमेरिकेतल्या विद्यापीठात जे-१ व्हिसावर (बाहेरून येणाऱ्या संशोधकांचा व्हिसा) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळाली आहे. ऑफर लेटरमध्ये 'बेनिफिट्स एलिजिबल', म्हणजे लाभांस पात्र, एवढाच उल्लेख आहे. नवरा आणि तीन वर्षांची मुलगी दोन महिन्यांनी येणार आहेत. रुजू झाल्यापासून तीस दिवसांत लाभांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे, तर त्यात काय निवडावं?

फॉर्म उघडण्याआधी विभागाच्या प्रशासकाला ईमेल करून एकच गोष्ट विचारा : माझी नेमणूक कर्मचारी म्हणून आहे की फेलो म्हणून? उत्तर लेखी घ्या, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्यावर ठरतं. प्रयोगशाळा तीच, टेबल तेच, पीआय, म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमुख प्राध्यापक, तोच, पण पेरोलच्या, म्हणजे पगार विभागाच्या, वहीत ही दोन वेगळी खाती आहेत. पीआयच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधन अनुदानातून, पगार निघत असेल तर तुम्ही बहुधा कर्मचारी. मग विमा, ४०३(बी) निवृत्ती खातं, कामावर इजा झाल्यास भरपाई, कायद्याने मिळणारी रजा हे सगळं नोकरीसोबत येतं. पैसे एखाद्या फेलोशिपचे असतील तर तो पगार नसून स्टायपेंड असतो, आणि नोकरदाराचे हक्क आपोआप लागू होत नाहीत. काही ठिकाणी तिसराही प्रकार असतो : पैसे बाहेरची संस्था थेट तुमच्या खात्यात जमा करते. कॅलिफोर्निया विद्यापीठात या तिन्ही प्रकारांना वेगवेगळी पदनामं आहेत.

लोक फसतात ते मधल्या काळात. वर्षभर कर्मचारी म्हणून काम होतं, मग एखादी मानाची फेलोशिप मिळते आणि पदनाम बदलतं. कर्मचारी असताना पीआयच्या ग्रँटवर पगाराखेरीज ठरावीक टक्क्यांनी लाभांचा खर्चही पडत असतो आणि विद्यापीठाचा विम्याचा वाटा त्यातून जातो. फेलोशिपमध्ये तो झरा बंद होतो. फेलोशिप अशा खर्चासाठी संस्थेला देते ती रक्कम ठरलेली असते आणि ती पुरेलच असं नाही. म्हणून फेलोशिप स्वीकारण्याआधी विचारा की विम्याचा हप्ता यापुढे कोण भरणार, साठलेली रजा टिकणार का आणि निवृत्ती खात्यातली भर थांबणार का. काही विद्यापीठं पगाराचा थोडा भाग पीआयच्या ग्रँटमधूनच चालू ठेवून कर्मचारीपद टिकवू देतात. पण हे आपण मागितल्याशिवाय सहसा कोणी सुचवत नाही, तेव्हा मागा.

आता विमा. जे-१ चे नियम अगदी नेमके आहेत : प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर, मृतदेह मायदेशी पाठवण्यासाठी २५,००० डॉलर, आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, प्रत्येक आजार किंवा अपघातामागे ५०० डॉलरच्या आत. जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलीलाही हेच लागू आहे. विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात मधल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा नसतात. त्यासाठी वेगळी छोटी पॉलिसी लागते. काही विद्यापीठं ती सगळ्यांना फुकट देतात, म्हणून विकत घेण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा.

फॉर्ममध्ये सगळ्यात कमी हप्त्याचा पर्याय बहुधा हाय-डिडक्टिबल प्लॅन असतो आणि त्याच्या जोडीला एचएसए नावाचं बचत खातं दाखवलेलं असतं. जे-१ वर तो निवडू नका. कायद्यानुसार अशा प्लॅनचं डिडक्टिबल २०२५ साली एका व्यक्तीसाठी निदान १,६५० डॉलर होतं, म्हणजे ५०० ची मर्यादा तिथेच मोडते. फॉर्म मात्र तुम्हाला अडवत नाही, कारण लाभांच्या यंत्रणेला तुमचा व्हिसा दिसत नाही.

दुसरी फट तारखांची. डीएस-२०१९ वरची, म्हणजे जे-१ साठी मिळालेल्या प्रमाणपत्रावरची, सुरुवातीची तारीख समजा ऑगस्टच्या मध्यावरची आहे. अनेक ठिकाणी विमा पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू होतो. मधले दिवस भरून काढायला अल्पमुदतीचा विमा भारतातूनच घेऊन निघा, आणि वरच्या चारही अटी त्याच्या कागदावर लिहिलेल्या आहेत ना, ते पाहा. नुसता प्रवास विमा या अटींत सहसा बसत नाही.

तुमच्या बाबतीत खरी अडचण कुटुंबाची आहे. तुमचे तीस दिवस संपतील तेव्हा नवरा आणि मुलगी भारतातच असतील. एरवी नवीन नावं घालायची संधी वर्षातून एकदा, बहुधा शरद ऋतूत, मिळते आणि विमा १ जानेवारीपासून लागू होतो. लग्न, बाळंतपण, दुसरीकडचा विमा संपणं अशा घटनांनंतर मधेच खिडकी उघडते. कुटुंबाचं अमेरिकेत आगमन ही अशी घटना बरेच प्लॅन मानतात, पण सगळेच मानत नाहीत. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात लाभ कार्यालयाकडून याचं लेखी उत्तर मिळवा. होकार आला तर त्यांच्या आय-९४ वरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आगमनाच्या सरकारी नोंदीवरच्या, प्रवेशाच्या तारखेपासून दिवस मोजायचे आणि तो कागद जोडून अर्ज करायचा. नकार आला तर दोन वाटा उरतात : आत्ताच त्यांची नावं घालून दोन महिन्यांचा हप्ता भरायचा, किंवा ते आल्यावर त्यांच्यासाठी बाहेरची जे-२ पॉलिसी घ्यायची. मला पहिली वाट बरी वाटते, कारण लहान मुलांना ताप, कान, लसी यासाठी डॉक्टरकडे वारंवार न्यावं लागतं आणि बाहेरच्या स्वस्त पॉलिसी लसीकरणाला सहसा हात लावत नाहीत. आईवडील भेटीला आले तर त्यांना या विम्यात घालता येत नाही. त्यांच्यासाठी पाहुण्यांचा विमा वेगळा.

इथे मूल झालं तर ३० दिवसांच्या आत त्याचं नाव घाला, विमा जन्मदिवसापासून लागू होतो. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी क्रमांक) यायची वाट पाहत बसू नका. नंबर नंतर देता येतो, गेलेली मुदत परत येत नाही.

विमा वापरायला लागल्यावर पोस्टाने जो पहिला कागद येतो तो पाहून बरेच जण घाबरतात. वर विमा कंपनीचं नाव, खाली तक्ता : दवाखान्याने लावलेली रक्कम, कंपनीने कापलेली सूट, कंपनीने भरलेले पैसे आणि शेवटच्या रकान्यात तुमचा वाटा. कोपऱ्यात 'धिस इज नॉट अ बिल' असं छापलेलं असतं. तो खरोखरच बिल नसतो. दवाखान्याचं बिल वेगळं येतं. ते आलं की त्यातली रक्कम या तक्त्याच्या शेवटच्या रकान्याशी ताडून पाहा आणि जुळली तरच भरा. जुळत नसेल तर दवाखान्याच्या बिलिंग विभागाला फोन करा; बहुतेकदा त्यांनी विमा क्रमांक चुकीचा टाकलेला असतो. वार्षिक तपासणी आणि ठरलेल्या लसी नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरकडे फुकट असतात. त्याच भेटीत गुडघेदुखीचा विषय काढला तर तेवढ्याचं वेगळं बिल लागू शकतं.

पहिली पे-स्लिप हातात आली की 'ओएएसडीआय' (सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन) आणि 'मेडिकेअर' (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) या दोन ओळी शोधा. अनुक्रमे ६.२ आणि १.४५ टक्के, मिळून ७.६५. साठ हजार डॉलर पगारावर वर्षाला ४,५९० डॉलर होतात. जे-१ वरच्या संशोधकाला साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षं ही कपात लागू नसते, आणि वर्षातला एक दिवस असला तरी ते वर्ष मोजलं जातं. २०२५ च्या डिसेंबरात आलेल्याची सूट २०२६ अखेर संपते, २०२६ च्या जानेवारीत आलेल्याला ती २०२७ अखेरपर्यंत मिळते. आधी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, अमेरिकेत शिकला असाल तर ती वर्षंही हिशेबात येतात आणि सूट मुळीच मिळणार नाही असंही होऊ शकतं. कपात चुकून झाली असेल तर आधी पेरोलकडे परतावा मागा. त्यांनी नाही म्हटलं तर फॉर्म ८४३ आणि सोबत ८३१६ भरून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे, जाता येतं. हे पैसे सोडू नका. सोशल सिक्युरिटीच्या बाबतीत भारत आणि अमेरिका यांच्यात करार नाही आणि तिथल्या पेन्शनसाठी साधारण दहा वर्षांचं काम लागतं, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी परतणाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

आयकराचं प्रकरण याहून वेगळं आहे. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २२ नुसार संशोधनासाठी दोन वर्षांपेक्षा जास्त नाही इतक्या मुदतीसाठी आलेल्याला पगारावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, आयकर माफ आहे. त्यासाठी पेरोलला फॉर्म ८२३३ द्यावा लागतो. पण मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला तर सूट पहिल्या दिवसापासून रद्द होते आणि मागचा सगळा कर व्याजासह भरावा लागतो. नेमणूक तीन वर्षांची असेल किंवा मुदतवाढीची पक्की शक्यता असेल तर ही सूट घेऊ नका. घ्यायचीच असेल तर वाचलेला कर वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं हा करार मानत नाहीत, तिथे राज्याचा कर भरावाच लागतो. कलम २१ मधली स्टँडर्ड डिडक्शनची, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रक्कम वजा करायची, सवलत विद्यार्थ्यांसाठी आहे, पोस्टडॉकसाठी नाही. रिटर्न भरताना ही चूक फार होते.

विद्यापीठाने विमानाचं भाडं किंवा सामानाचा खर्च दिला तर तो २०१८ पासून पगारातच धरला जातो आणि त्यावर कर बसतो. मिळालेला आकडा हातात पूर्ण पडणार नाही, हे धरून चाला.

निवृत्ती खात्याबद्दल थोडक्यात : ४०३(बी) मध्ये स्वतःचे पैसे घालता येतात, पण विद्यापीठाची भर पोस्टडॉकना अनेक ठिकाणी मिळत नाही. मिळत असेल तर किती वर्षं नोकरी झाल्यावर ती भर आपली होते ते पाहा. तीन वर्षांची अट असेल आणि तुम्ही दोन वर्षांत निघणार असाल तर त्या भरीचा उपयोग नाही.

रजेचे आकडे संस्थेनुसार फार बदलतात. जिथे पोस्टडॉकांची युनियन आहे तिथे ते करारात छापलेले असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या करारात वर्षाला २४ दिवस वैयक्तिक रजा आणि १२ दिवस आजारपणाची रजा आहे. युनियन नसेल तर पोस्टडॉक कार्यालयाचं धोरण वाचा आणि घेतलेली प्रत्येक रजा यंत्रणेत नोंदवा. पीआयने तोंडी दिलेली रजा वाद झाला की उपयोगी पडत नाही. बाळंतपण किंवा गंभीर आजारासाठी फेडरल कायद्याची १२ आठवड्यांची रजा बिनपगारी आहे, आणि ती १२ महिने नोकरी व त्या काळात १,२५० तास काम झाल्यावरच मिळते. रुजू झाल्या वर्षी मूल होणार असेल तर या कायद्यावर विसंबू नका, विद्यापीठाचं स्वतःचं पालकत्व धोरण शोधा. फेलो असाल तर हा कायदा लागू होईलच असंही नाही.

मुलीच्या पाळणाघरासाठी नाव आत्ताच, भारतातूनच नोंदवा. कॅम्पसवरच्या पाळणाघरांची प्रतीक्षायादी लांब असते. फॉर्ममध्ये 'डिपेंडंट केअर एफएसए' दिसेल : करापूर्वीच्या पगारातून पाळणाघराचे पैसे बाजूला काढायची सोय. सध्या तो रकाना रिकामा ठेवा. ही सवलत मिळण्यासाठी दोन्ही पालक कामावर किंवा शिक्षणात असावे लागतात, निदान नोकरी शोधत असावे लागतात, आणि नवऱ्याकडे सुरुवातीला वर्क परमिट नसेल. वर उल्लेखलेली आयकरमाफी घेतलीत तर करात वाचण्यासारखंही फार उरत नाही. शिवाय नॉनरेसिडेंट, म्हणजे करासाठी अनिवासी, म्हणून तुम्हाला जोडीने रिटर्न भरता येत नाही, त्यामुळे मर्यादा निम्मी होते : २०२५ साली ५,००० ऐवजी २,५०० डॉलर, २०२६ पासून ७,५०० ऐवजी ३,७५०. न वापरलेले पैसे बुडतात.

नवऱ्याच्या कामाच्या परवान्यासाठी फॉर्म आय-७६५ तो अमेरिकेत पोचल्यावरच भरता येतो. परवान्याची मुदत तुमच्या डीएस-२०१९ च्या पुढे जात नाही, म्हणून तुमची मुदतवाढ शेवटच्या आठवड्यावर ढकललीत तर त्याची नोकरीही अडकते. त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीची कपात मात्र पहिल्या दिवसापासून होते. ती सूट जे-२ ला नाही.

मदतीची दारं बरीच असतात, पण कुठे बोललेलं तिथेच राहतं हे आधी माहीत हवं. कर्मचारी साहाय्य योजनेत, म्हणजे ईएपीमध्ये, समुपदेशनाच्या ठरावीक भेटी फुकट आणि गोपनीय असतात. घरातल्यांनाही त्या बहुधा मिळतात. पीआयशी बिनसलं असेल, लेखकांच्या क्रमावरून वाद असेल, रजा नाकारली जात असेल, तर ओम्बड्स कार्यालयात, म्हणजे तंटे तटस्थपणे ऐकून घेणाऱ्या कार्यालयात, जा. ते नोंद ठेवत नाहीत आणि जिवाला धोका असल्याशिवाय कोणालाही सांगत नाहीत. पण तिथे बोललं म्हणजे विद्यापीठाकडे तक्रार झाली असं होत नाही, हेही लक्षात ठेवा. एचआरकडे गेलात की विद्यापीठाला कळवल्यासारखं होतं. लैंगिक छळाची गोष्ट एखाद्या प्राध्यापकाला विश्वासाने सांगितली तरी बहुतेक विद्यापीठांत ती वर कळवणं त्यांना भाग असतं. आधी फक्त बोलून मन मोकळं करायचं असेल तर समुपदेशक किंवा ओम्बड्स गाठा. व्हिसाचा प्रश्न पीआयला किंवा सहकाऱ्याला विचारू नका, आंतरराष्ट्रीय कार्यालयालाच विचारा.

नेमणूक संपताना दोन तारखा सांभाळा. उरलेल्या वैयक्तिक रजेचे पैसे पोस्टडॉकना अनेक ठिकाणी मिळत नाहीत, म्हणून ती शेवटच्या महिन्याआधीच घ्या. आणि विमा शेवटच्या दिवशी संपतो की महिनाअखेर, ते विचारून घ्या. नव्या नोकरीचा विमा सुरू होईपर्यंत कोब्रा योजनेखाली तोच विमा पुढे चालवता येतो. निवडायला ६० दिवस मिळतात आणि विमा खंड न पडता मागच्या तारखेपासून धरला जातो. पण हप्ता तुमचा आणि विद्यापीठाचा मिळून पूर्ण, वर २ टक्के, असा भरावा लागतो. तिघांच्या कुटुंबाला तो जड जातो, त्यामुळे नव्या ठिकाणची रुजू होण्याची तारीख ठरवतानाच तिथला विमा कधी सुरू होतो ते विचारा आणि शक्य असेल तर महिन्याची १ तारीख मागून घ्या.