सौदा तुटला, पण गाडी निघालेली

"मॅडम, रिपोर्ट सारे नॉर्मल आहेत. मग मी काय नाटक करून राहिलो काय?"

मनोहरभाऊंनी (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) खुर्चीत टेकायच्या आधीच हा प्रश्न टाकला आणि जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. दोन ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, रक्ताच्या तपासण्या. वय 46, इतवारीत मिरचीचा होलसेल धंदा. पाच महिन्यांपूर्वी सदरच्या उड्डाणपुलावर गाडी चालवताना एकाएकी छाती धडधडायला लागली, हात गार पडले, आता संपलं असं वाटलं. त्यानंतर दोनदा मध्यरात्री कॅज्युअल्टी. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." तेव्हापासून घरात त्यांच्या धडधडीला कोणी विचारेनासं झालं. "उगाच मनात घेतात हे," शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या.

'टेन्शन घेऊ नका' या वाक्यानं कुणाचं टेन्शन गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण मी मनाच्या तक्रारी बघते, त्यामुळे मनोहरभाऊंचा प्रश्न मात्र माझ्याकडे सतत येतो. मनाचं आहे, म्हणजे खोटं आहे का?

फाइलमध्ये मी आधी थायरॉइडचा रिपोर्ट शोधला. ही सवय मला एका चुकीनं लागली. काही वर्षांपूर्वी एका मुलीला 'परीक्षेची भीती' म्हणून माझ्याकडे आणलं होतं. खाणं भरपूर, तरी वजन उतरत चाललेलं, बोटांना बारीक कंप. मी तीन आठवडे तिला श्वासाचे व्यायाम शिकवत बसले. मग एकदा तिची आई बोलता बोलता म्हणाली, "डिसेंबरात अख्खं नागपूर गारठलेलं असतं, आणि ही पंखा लावून झोपते." तपासणीत थायरॉइड वाढलेलं निघालं. थायरॉइडच्या संप्रेरकाचं (हार्मोनचं) प्रमाण वाढलं की हृदय, झोप, घाम, चिडचिड सगळंच बदलतं, आणि बाहेरून ते हुबेहूब घाबरटपणासारखं दिसतं. तिला माझी नाही, गोळ्यांची गरज होती.

मनोहरभाऊंचं थायरॉइड ठीक होतं. हृदयाच्या तपासण्याही रीतसर झालेल्या होत्या. त्या झाल्या नसत्या, तर मी पुढे एक शब्द बोलले नसते.

दुसऱ्या भेटीत चहा पिताना त्यांचा फोन वाजला. उधारी थकवलेला एक व्यापारी. मनोहरभाऊंनी जेमतेम मिनिटभर बोलून फोन ठेवला, पण कप बशीवर ठेवताना खडखडला. मग त्यांचा डावा हात टेबलाखाली गेला. मी वाकून पाहिलं तर उजव्या हाताची बोटं मनगटावर, नाडी मोजणं चालू. मी घड्याळ समोर ठेवलं. हात पुन्हा ऊबदार लागायला चोवीस मिनिटं लागली.

"फोन मिनिटभराचा," मी म्हटलं, "आणि हे चोवीस मिनिटं. का?"

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका वाटला की तो दोन वाटांनी हुकूम सोडतो. पहिली वाट नसांची. तो निरोप मज्जारज्जूतून क्षणात हृदयापर्यंत जातो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यापर्यंतही. हा गाभा म्हणायला ग्रंथी, पण गर्भात तो ज्या पेशींपासून बनतो त्यांच्यातूनच काही चेतापेशीही बनतात. जवळची सोयरीक आहे म्हणा ना. म्हणून काही सेकंदांत छाती धडधडवणारं ॲड्रेनालिन रक्तात उतरतं आणि काही मिनिटांत ओसरतंही.

दुसरी वाट रक्ताची, आणि ती सावकाश. हायपोथॅलॅमस खालच्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरीला रासायनिक चिठ्ठी देतो, पिट्यूटरी आपली चिठ्ठी रक्तात सोडते, ती ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराला मिळाली की तिथे कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक तयार होतं. त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिगेला पोचते आणि निम्मी व्हायलाच तासभर किंवा जास्त लागतो. टाकी भरली की बॉलकॉक वर येऊन पाणी बंद होतं ना, तसं हेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' म्हणून कळवतं. पण आधी टाकी भरावी लागते.

मेंदू ग्रंथींना असे रासायनिक हुकूम देतो, हे शोधल्याबद्दल रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना 1977 साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यासाठी मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूंचे लाखो तुकडे गोळा करून त्यातून जेमतेम मिलिग्रॅमच्या हिशेबात रसायन निघालं. हे ऐकून मनोहरभाऊ पहिल्यांदा हसले. "बाप्पा! एवढ्या मालातून उताराच नाही ना काही."

मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हणजे सौदा फोनवर तुटला, पण मिरचीची गाडी गुंटूरहून निघालेली आहे. ती तर येणारच."

मी इतकी वर्षं हे समजावतेय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

"आणि नाडी मोजता तेव्हा?" मी विचारलं. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. "दर मिनिटाला नवी गाडी बोलावून राहिलो."

मग त्याच सवयीचा उपयोग केला. बोटं मनगटावरच ठेवा, पण श्वास हळूहळू, लांब सोडा. श्वास घेताना नाडी जरा वेगानं पडते, सोडताना मंदावते. मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस हा लगाम धरून असते. चौथ्या-पाचव्या श्वासाला त्यांचा चेहरा बदलला. "हे मीच करून राहिलो का?" पाच महिने धास्तीनं धरलेलं मनगट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुतूहलानं धरलं. पुढे नाडी पाहणं दिवसातून दोनदाच, मग आठवड्यातून एकदा, मग बंद, असं ठरवलं.

दुकानावरचा चहा सात कपांवरून दोनवर आला. वादाच्या फोननंतर अर्धा तास कोणताही सौदा करायचा नाही, हा नियम त्यांचा त्यांनीच काढला. पहाटे जाग येताच छाती भरून यायची, त्याचीही त्यांना दहशत होती. पहाटे कॉर्टिसॉल सगळ्यांचंच वाढतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला जातं, एवढं कळल्यावर ती दहशत बरीच उतरली. मुलानं मोबाईलवर पाहून मागवलेली 'कॉर्टिसॉल कमी करणारी' पावडर मात्र मी परत न्यायला लावली. कॉर्टिसॉल हे विष नाही. त्याच्याशिवाय माणूस जगत नाही.

परवा वहिनी एकट्याच आल्या होत्या, स्वतःच्या झोपेबद्दल बोलायला. जाता जाता म्हणाल्या, "काल पोराशी वाजलं यांचं. मी पान वाढलं तर म्हणाले, थांब, गाडी खाली होऊन राहिली. अर्ध्या तासानं जेवले, आणि वांग्याची भाजी दोनदा मागितली."

उड्डाणपूल अजून बाकी आहे. घाबरलेल्या वेळी सुटलेली हीच रसायनं त्या जागेची आठवण मेंदूत पक्की करून ठेवतात, ती समजुतीच्या चार शब्दांनी पुसली जात नाही. तिथे पुन्हा पुन्हा जावंच लागतं. गेल्या रविवारी सकाळी दोघं पुलाच्या तोंडापर्यंत गेले आणि खालच्या रस्त्यानं परत आले. येत्या रविवारी गाडी वहिनी चालवणार आहेत, भाऊ शेजारी बसणार आहेत.