‘पाणी गेलं’, ‘पाणमोट फुटली’ आणि ‘अकाली’

प्रश्न असा आहे: गरोदरपणात ‘पाणी गेलं’ आणि ‘पाणमोट फुटली’ यांत फरक आहे का, आणि रिपोर्टमध्ये ‘अकाली’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

पाणमोट म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, मोट हा शब्द विहिरीवरच्या मोटेमुळे आपल्या ओळखीचा. आतलं पाणी ते गर्भजल. पिशवीला ‘उल्ब’ असंही म्हणतात, पण ते पुस्तकातच.

घटना एकच, पण मला ‘पाणी जाणे’ जास्त पटतं. ‘फुटली’ म्हटलं की भसकन लोंढा येईल असं वाटतं. कित्येकींना मात्र नुसता ओलावा जाणवतो, थेंब थेंब गळत राहतं. मग ‘फुटली तर नाहीये’ म्हणून ती बाई घरीच थांबते. लघवी बहुधा आवरून धरता येते, हे पाणी आवरत नाही. ‘अंगावरून जातंय’ एवढंच सांगितलं तर ऐकणारा पांढरं किंवा लाल समजेल, म्हणून ‘पाणी’ हा शब्द घालाच. रंगही सांगा: स्वच्छ किंवा फिकट पिवळसर नेहमीचा, हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आतच शी केलेली असू शकते.

खरी गफलत ‘अकाली’ने होते. कशाच्या आधी? एक अर्थ, कळा सुरू होण्याआधी. दिवस भरलेल्या शंभरांतल्या साधारण आठ जणींचं असं होतं आणि बहुतेकींना २४ तासांत कळा येतात. दुसरा अर्थ, ३७ आठवडे पुरे होण्याआधी. इथे चिंता निराळी: बाळाची फुप्फुसं तयार नसतात, जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून बऱ्याचदा आईला अँटिबायोटिक आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. पाणी गेलं की दवाखाना दोन्हीकडे गाठायचाच, पुढचे उपचार मात्र वेगळे.

डॉक्टरी इंग्रजीत यासाठी दोन वेगळी विशेषणं आहेत, मराठीत दोन्हींना सर्रास ‘अकाली’ लावतात. आपल्या बोलीत मात्र फरक आधीपासून आहे: ‘कळांआधी पाणी गेलं’ आणि ‘दिवस भरण्याआधी पाणी गेलं’. दोन्ही एकदम घडलं असेल तर दोन्ही सांगावं, आणि कितवा आठवडा तेही. रिपोर्टमध्ये नुसतं ‘अकाली’ दिसलं तर डॉक्टरांनाच विचारा, कशाच्या आधी.